मत्स्यालय हीटर

मत्स्यालय हीटर हे काचेच्या टाकीतील पाणी माशांना मानवेल अशा ठरावीक तापमानाला राखणारे विद्युत उपकरण आहे. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर त्याची गरज क्वचितच भासते. पठारावरील सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मात्र हिवाळ्याच्या रात्री घरातील खोल्या गार पडत असल्यामुळे उष्ण कटिबंधातील शोभिवंत मासे पाळताना हीटर आवश्यक ठरतो. त्याची क्षमता सहसा पाण्याच्या लिटरवरून ठरवली जाते. तथापि, खोलीचे रात्रीचे किमान तापमान आणि माशांना लागणारे तापमान यांतील तफावत हा निवडीचा अधिक महत्त्वाचा निकष आहे.

हवामानाची पार्श्वभूमी

सांगली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर, सातारा शहर सुमारे ७४० मीटर, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर व जानेवारीत आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने दिवसाची उष्णता रात्री वेगाने निघून जाते. त्यामुळे दुपारी ऊबदार असलेली खोली पहाटे थंडगार होते. माण, खटाव, आटपाडी व जत या पर्जन्यछायेतील तालुक्यांत हा फरक ठळक असतो.

केवळ उंचीवरून थंडीचा अंदाज बांधता येत नाही. महाबळेश्वरात वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात काही वर्षी दवबिंदू गोठून हिमकण तयार होतात, कारण जड थंड हवा सखल भागात साचते. घराच्या बांधणीचाही परिणाम होतो. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती सावकाश निवतात, तर पत्र्याच्या छपराची खोली झपाट्याने गार होते. म्हणून शहराच्या नोंदलेल्या तापमानापेक्षा, टाकी ठेवलेल्या जागी पहाटे थर्मामीटरने घेतलेले मापन अधिक उपयोगी असते.

माशांची गरज

मासे शीत रक्ताचे प्राणी असल्याने त्यांच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. भारतात शोभिवंत माशांची मोठी पैदास चेन्नईतील कोळत्तूर आणि कोलकाता परिसरात, म्हणजे उबदार हवामानात होते. सामान्यपणे पाळल्या जाणाऱ्या माशांना मानवणारे तापमान पुढीलप्रमाणे आहे:

• डिस्कस : २८ ते ३० अंश सेल्सियस
• एंजल व फायटर : २४ ते २८ अंश
• गप्पी व मॉली : २२ ते २८ अंश
• निऑन टेट्रा : २१ ते २६ अंश
• झेब्रा डॅनिओ : १८ ते २५ अंश
• गोल्डफिश : १८ ते २२ अंश

पाणी गार झाल्यास माशांची भूक मंदावते, हालचाल कमी होते आणि रोगप्रतिकारशक्ती घटते. तापमान अचानक उतरल्यानंतर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अनेकदा डोके वर काढतो. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो आणि वेळीच उपचार न झाल्यास संपूर्ण टाकीत पसरतो.

रचना

प्रचलित हीटरमध्ये काचेच्या किंवा क्वार्ट्झच्या जलरोधक नळीत निक्रोम तारेचे वेटोळे असते. त्याला जोडलेला थर्मोस्टॅट ठरवलेल्या तापमानाला वीजप्रवाह बंद करतो आणि पाणी थोडे निवल्यावर पुन्हा सुरू करतो. साध्या प्रकारात हे काम द्विधातू पट्टी करते, तर इलेक्ट्रॉनिक प्रकारात तापमान-संवेदक करतो. द्विधातू पट्टीचे संपर्कबिंदू कालांतराने एकमेकांना चिकटू शकतात. तसे झाल्यास हीटर अखंड चालू राहतो. तबकडीवरील आकडा आणि प्रत्यक्ष तापमान यांतही फरक पडू शकतो, म्हणून टाकीच्या दुसऱ्या टोकाला स्वतंत्र थर्मामीटर ठेवला जातो.

क्षमतेची निवड

टाकीतील उष्णता काचेतून आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून बाहेर जाते. झाकण असलेल्या साध्या काचेच्या टाकीत, पाणी खोलीपेक्षा जितके अंश गरम असेल त्या प्रत्येक अंशामागे २० लिटरच्या टाकीला सुमारे २.५ वॅट, ५० लिटरला ४.५ वॅट, १०० लिटरला ७ वॅट आणि २०० लिटरला ११ वॅट लागतात. हे ढोबळ अंदाज आहेत. टाकी मोठी होते तसा दर लिटरमागे होणारा ऱ्हास कमी होतो, कारण आकारमानाच्या तुलनेत पृष्ठभाग कमी वाढतो.

उदाहरणार्थ, १०० लिटरच्या टाकीत पाणी २६ अंशांवर राखायचे आहे आणि खोली पहाटे १६ अंशांपर्यंत उतरते असे मानल्यास तफावत १० अंशांची होते. त्यासाठी सुमारे ७० वॅट आणि थोडी राखीव क्षमता धरून १०० वॅटचा हीटर पुरतो. तीच टाकी १९ अंशांच्या खाली न जाणाऱ्या खोलीत असेल तर सुमारे ५० वॅट लागतात. राखीव क्षमतेसह ७५ वॅट पुरेसे ठरतात. खोली १२ अंशांपर्यंत जात असल्यास सुमारे १०० वॅटची गरज भासते आणि १५० वॅटचा हीटर योग्य ठरतो. अशा प्रकारे पाणी तेवढेच असूनही हीटरची क्षमता दुप्पट होऊ शकते.

झाकणाचा परिणाम मोठा असतो. एक लिटर पाणी बाष्प होऊन उडताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जाते. त्यामुळे झाकण लावणे, तसेच टाकीच्या तळाशी आणि मागील बाजूस थर्माकोल लावणे हे वीजबचतीचे स्वस्त उपाय आहेत.

एक मोठा की दोन लहान

एकूण क्षमता दोन हीटरांत विभागल्यास बिघाडाचा धोका घटतो. वरील १०० लिटरच्या टाकीत १०० वॅटचा एकच हीटर अडकून अखंड चालू राहिला, तर पाणी खोलीच्या सरासरी तापमानापेक्षा सुमारे १४ अंशांनी वर जाऊन स्थिरावते. खोलीची सरासरी २२ अंश धरली तर पाणी ३६ अंशांवर पोहोचते आणि बहुतेक मासे दगावतात. त्याऐवजी प्रत्येकी ५० वॅटचे दोन हीटर असतील आणि त्यांतील एक अडकला, तर पाणी सुमारे २९ अंशांपर्यंतच जाते. उलट एक बंद पडल्यास दुसरा पाण्याला खोलीपेक्षा सुमारे ७ अंश उबदार ठेवतो. दोन्ही हीटर टाकीच्या विरुद्ध टोकांना, शक्यतो फिल्टरच्या प्रवाहाजवळ बसवल्यास उष्णता सारखी पसरते.

वीज खंडित झाल्यास

तफावत १० अंशांची असताना वीज गेल्यास १०० लिटरची झाकलेली टाकी ताशी सुमारे अर्धा ते पाऊण अंश निवते, तर २० लिटरची टाकी सुमारे एक अंश. म्हणून चार तास वीज नसेल तर मोठ्या टाकीपेक्षा लहान टाकीतील माशांना अधिक धोका असतो. या काळात टाकीभोवती गोधडी किंवा थर्माकोल गुंडाळणे, गरम पाण्याच्या बंद बाटल्या पाण्यात तरंगत ठेवणे आणि खाद्य न देणे हे उपाय केले जातात. एअर पंपही बंद पडत असल्याने पृष्ठभागावर हवा खेळती राहील एवढी फट ठेवणे आणि बॅटरीवर चालणारा पंप जवळ असणे उपयुक्त ठरते. १०० वॅटचा हीटर १०० लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास, ऱ्हास न धरता, सुमारे ७० मिनिटे घेतो. त्यामुळे वीज परतल्यावर योग्य क्षमतेच्या हीटरने तापमान सावकाशच चढते.

सुरक्षितता

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असल्याने तडा गेलेला हीटर जीवघेणा ठरू शकतो. टाकीच्या विद्युत मंडलावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असावे. वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटात जाऊ नये म्हणून वायरीला सॉकेटच्या पातळीखाली झोल दिला जातो. टाकीत हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणांचे प्लग काढले जातात. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडल्यास नळी फुटते. त्यामुळे पाणी बदलण्यापूर्वी तो १५ ते २० मिनिटे बंद ठेवला जातो.

पाणी बदलताना नव्या पाण्याचे तापमान तपासणेही आवश्यक असते. गच्चीवरील टाकीतील १४ अंशांचे २० लिटर पाणी २६ अंशांच्या ८० लिटर पाण्यात मिसळल्यास एकूण तापमान एकदम सुमारे २.४ अंशांनी उतरते. म्हणून हिवाळ्यात पाणी दुपारी बदलणे किंवा आधी कोमट करणे श्रेयस्कर ठरते.

पर्याय

जेथे वीजपुरवठा भरवशाचा नाही किंवा खर्च परवडत नाही, तेथे थंडी सोसणाऱ्या माशांची निवड हा पर्याय असतो. गोल्डफिशला हीटर लागत नाही. झेब्रा डॅनिओही, खोली फार गार होत नसल्यास, हीटरविना हिवाळा काढू शकतो. डिस्कससारखे मासे मात्र अशा ठिकाणी हीटरशिवाय पाळणे योग्य नसते.