‘कराराचे स्वातंत्र्य’ : अमेरिकन राजकीय संस्कृतीतील एका संकल्पनेची वाटचाल (१९०५–१९३८)

प्रस्तावना :
अमेरिकेच्या राजकीय संस्कृतीत ‘स्वातंत्र्य’ या संकल्पनेचे स्थान मध्यवर्ती आहे. मात्र या शब्दाचा अर्थ सर्व काळी एकच राहिलेला नाही. आर्थिक व्यवहारातील स्वातंत्र्य नेमके कोणाचे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील कामगारांच्या जगण्याशी निगडित होता. प्रस्तुत लेखात ‘कराराचे स्वातंत्र्य’ या संकल्पनेच्या प्रभावाचा व ऱ्हासाचा आढावा घेतला आहे.

संकल्पनेचा प्रभाव :
यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये अमलात आलेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणत्याही राज्याला व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेता येत नाही. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या संरक्षणाची पार्श्वभूमी असलेल्या या तरतुदीचा आधार पुढे उद्योजकांनीही घेतला. न्यूयॉर्क राज्याने १८९५ मध्ये बेकरी कामगारांसाठी दिवसाला १० व आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये ‘लॉकनर विरुद्ध न्यूयॉर्क’ खटल्यात ही मर्यादा ५ विरुद्ध ४ मतांनी घटनाबाह्य ठरविली. मालक व कामगार हे दोघेही स्वतंत्र करारकर्ते असून त्यांच्यात शासनाने पडू नये, अशी त्यामागील भूमिका होती. राज्यघटना कोणत्याही एका आर्थिक सिद्धान्ताला बांधलेली नसते, असे न्यायमूर्ती होम्स यांनी भिन्नमतात नोंदविले. १९०८ मध्ये ‘म्युलर विरुद्ध ओरेगन’ खटल्यात स्त्रियांसाठीची १० तासांची मर्यादा वैध ठरली; परंतु तिला स्त्रीच्या शारीरिक दुर्बलतेचा आधार देण्यात आला. संरक्षण मिळाले, ते समानतेची किंमत मोजून. १९२३ मध्ये स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदाही न्यायालयाने रद्द केला.

महामंदी व अर्थबदल :
१९३३ पर्यंत सुमारे एकचतुर्थांश कामगार बेकार झाले. उपाशी कामगार आणि मालक हे समान बळाचे करारकर्ते आहेत, हे गृहीतक टिकणे कठीण झाले. वॉशिंग्टन राज्यातील एका हॉटेलात साफसफाई करणाऱ्या एल्सी पॅरिश यांनी ४८ तासांच्या आठवड्याला १४.५० डॉलर या किमान वेतनातील थकीत फरक मागितला. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. घटनेत कराराच्या स्वातंत्र्याचा उल्लेख नाही, तसेच अपुऱ्या वेतनाचा भार अखेर समाजावरच पडतो, असे सरन्यायाधीश ह्यूज यांनी प्रतिपादन केले. १९३८ च्या कायद्याने ताशी २५ सेंट किमान वेतन व आठवड्याला ४४ तासांची मर्यादा देशपातळीवर लागू केली. तथापि शेतमजूर व घरकामगार त्यातून वगळले गेले. दक्षिणेकडील बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार याच व्यवसायांत होते. किमान वेतनाच्या कक्षेत काही शेतमजूर १९६६ च्या, तर घरकामगार १९७४ च्या दुरुस्तीने आले.

निष्कर्ष :
न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या ग्रंथात हाच प्रश्न भारताच्या संदर्भात उपस्थित केला. शासनाच्या नियंत्रणापासूनचे स्वातंत्र्य म्हणजे खाजगी मालकाची हुकूमशाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमेरिकेतील वरील घटनाक्रम त्यास पुष्टी देतो. संकल्पनेचा शब्द तोच राहतो. तिचा आशय मात्र ती कोणाच्या बाजूने वापरली जाते, यावर ठरतो. म्हणून आर्थिक स्वातंत्र्याचा इतिहास अभ्यासताना त्यातून कोण वगळले गेले, हे तपासणे अगत्याचे ठरते.