लॉर्ड डलहौसी आणि दोन दत्तकविधानं : सातारा ते सांगली

सातारा आणि सांगली हे आज दोन वेगळे जिल्हे. पण 1949 साली सांगलीचा जिल्हा झाला, तेव्हा त्याचं नाव होतं ‘दक्षिण सातारा’. या एकाच मुलखातली दोन दत्तकविधानं आज आपण शेजारी ठेवून बघू. मधे उभा आहे एक स्कॉटिश उमराव, लॉर्ड डलहौसी.

डलहौसीचा जन्म 1812 चा. वडील अर्ल, हिंदुस्थानात सरसेनापती राहिलेले. मुलगा पार्लमेंटात गेला, ब्रिटनच्या व्यापार मंडळाचा अध्यक्ष झाला, तिथे त्याने रेल्वेचे प्रस्ताव हाताळले. जानेवारी 1848 मध्ये तो गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला, तेव्हा वय होतं फक्त 35. कामाला वाघ, पण आपलंच बरोबर, ही खात्री पक्की!

तीन महिन्यांत, 5 एप्रिलला, साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी दत्तक घेतला होता. आता प्रश्न असा, की हा दत्तक गादीचा वारस की फक्त खासगी मालमत्तेचा?

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क म्हणाले, 1819 च्या तहात राज्य वारसांना दिलंय. हिंदू धर्मशास्त्रात दत्तक हाही वारसच. त्यांच्याच कौन्सिलातले विलोबी म्हणाले, हे राज्य कंपनीने निर्माण केलं, म्हणून कंपनीची संमती हवी. डलहौसीने विलोबींचं ऐकलं. 1849 च्या जानेवारीत लंडनहून मंजुरी आली आणि सातारा खालसा झालं. पुढे झाशी, नागपूर याच वाटेने गेली.

आधीचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले होते. सुमारे चौदा वर्षं तिथे अर्ज-विनंत्या केल्या, आणि रिकाम्या हाती परतले. 1857 च्या साताऱ्याच्या उठावामागे तेच होते. त्या सप्टेंबरात साताऱ्यात 17 जणांना देहदंड झाला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

आता सांगलीकडे वळू. 1901 साली संस्थानिक धुंडिराव पटवर्धन वारले. त्यांनाही मुलगा नव्हता. पण 1903 मध्ये दत्तक म्हणून चिंतामणराव गादीवर आले आणि संस्थान 1948 च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं.

मग बदललं काय? धर्मशास्त्र तर तेच होतं. बदललं ते सरकारचं गणित. 1857 नंतर लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, कारण संस्थानं गिळण्यापेक्षा राखणं आता सोयीचं होतं.

म्हणजे सांगलीची गादी वाचली, त्यात साताऱ्याच्या त्या 17 जणांचाही वाटा आहे, असं आपण म्हणायला हवं. साताऱ्याला चार भिंतींच्या हुतात्मा स्मारकावर गेलात, तर एवढं आठवा.