एसीचा 'टक्': चंद्रपूरच्या दुपारी बंद पडणाऱ्या यंत्राचा इतिहास

(ऑडिओ भागाचं लेखी रूप. बोलताना घसरलेली दोन-चार वाक्यं इथे सरळ केली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आज राजे नाहीत, लढाया नाहीत. आज आपण एका आवाजाबद्दल बोलणार आहोत. 'टक्.' बस, एवढाच आवाज.

आम्ही चंद्रपुरात तुकूमला राहतो. मे महिना होता, दुपारचे अडीच वाजले होते. चंद्रपूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. २०१९ च्या मे अखेरीस इथला पारा ४८ अंशांना टेकला होता. तेव्हापासून पंचेचाळीस म्हटलं की आमच्याकडे लोक "आज जरा बरं आहे" म्हणतात. घरात आजी, वय ८४. दोन दिवसांपासून तिला चक्कर येत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खोली थंड ठेवा, पाणी पाजत राहा. आणि नेमका तेव्हाच दीड टनाचा जुना एसी रुसला. सुरू व्हायचा, पंधरा-वीस मिनिटं चालायचा, मग बाहेरच्या युनिटमधून 'टक्' असा आवाज यायचा आणि कॉम्प्रेसर गप्प. आतला पंखा फिरत राहायचा, हवा मात्र गरम. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा सुरू, पुन्हा टक्.

मेकॅनिकभाऊ आला. त्या आठवड्यातलं त्याचं कितवं घर होतं देव जाणे, शर्ट पाठीला चिकटलेला. कॉम्प्रेसरच्या डोक्यावरची टोपी काढून त्याने तिथला छोटा काळा गोल तुकडा बोटाने दाखवला. "ओव्हरलोड वीक झालाय. सध्या डायरेक्ट करून देतो, आजी झोपेल तरी. नवीन आला की लावू."

डायरेक्ट करणे म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मधला तुकडा काढायचा, दोन वायरी एकमेकींना जोडायच्या. मी तर लगेच 'हो' म्हणणार होतो. बाबा म्हणाले, "थांब भाऊ. ते पडून काऊन राहिलं, ते सांग आधी."

माझे बाबा इथल्या औष्णिक वीज केंद्रातून रिटायर झाले. सगळी हयात कंट्रोल रूममध्ये गेली. त्यांच्या तोंडी 'बंद पडलं' हा शब्द सहसा येत नाही, 'ट्रिप झालं' येतो. आणि ट्रिप झालं की त्यांचा पहिला प्रश्न 'चालू कसं करू' हा नसतोच.

तर त्या काळ्या तुकड्याची गोष्ट ऐका. ती थेट एका लाकूडगिरणीत जाते. बल्लारपूरच्या सागाच्या डेपोत नाही हां, पार अमेरिकेत, मेन नावाच्या जंगली राज्यात. जॉन स्पेन्सर नावाचा एक पोरगा तिथे बॉयलरवर नजर ठेवायच्या कामाला होता. बॉयलरला एक गोल पातळ पत्र्याचं झाकण होतं. आग भडकली की ते फटकन एका बाजूला फुगायचं, आग उतरली की फटकन दुसऱ्या बाजूला. हळूहळू नाही, एकदम. पोराला त्या आवाजावरूनच कळायला लागलं की आता लाकूड टाकायची वेळ झाली. दुसरा कुणी असता तर तिथेच डुलकी काढली असती. स्पेन्सरने तो 'फट्' डोक्यात ठेवला आणि मोठेपणी त्यातून स्विच बनवला. दोन वेगवेगळ्या धातूंची चकती, दोन्ही धातू उष्णतेने कमी-जास्त फुगणारे. ठरावीक तापमान आलं की चकती उलटी होते आणि वीज तुटते. थंड झाली की परत सुलटी. १९२० च्या दशकात त्याच्या थर्मोस्टॅटची कंपनी निघाली. ती काढणाऱ्यांत व्हॅनेव्हर बुश होता, तोच जो पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सगळ्या युद्धविज्ञानाचा कारभारी झाला. इस्त्रीत, मोटारींत, फ्रिजमध्ये ही चकती पोचली. आमच्या तुकूमच्या गॅलरीत जे टक् वाजत होतं, ते त्याच जातीचं.

म्हणजे चकती काय सांगत होती? कॉम्प्रेसर तापलाय, नाहीतर जास्त करंट ओढतोय. बस. का तापलाय, हे तिला माहीत नसतं. ते शोधणं आपलं काम. आणि मेकॅनिकभाऊ काय म्हणत होता? तिला गप्प करू.

पण या डब्यात सुरक्षा आली कुठून, हे आधी बघू. सुरुवातीला ती नव्हतीच. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जे यंत्र आखलं, ते माणसांसाठी नव्हतंच. दमट हवेत कागद फुगायचा, रंगावर रंग नीट बसायचा नाही, म्हणून ती खटपट. माणसांना गारवा नंतर मिळाला. मुंबईत १९३३ मध्ये उघडलेल्या रीगलमध्ये लोक पिक्चर बघायला जायचे की थंड हवा खायला, हा माझा जुना संशय आहे.

त्या काळच्या घरगुती फ्रिजमध्ये भरलेला गॅस मात्र विषारी असायचा. सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड, अमोनिया. पाइपला चीर गेली की झोपलेलं घर उठायचंच नाही. बर्लिनमधल्या अशाच एका कुटुंबाची बातमी पेपरात वाचून आइन्स्टाइन हळहळला. हो, तोच आइन्स्टाइन. त्याने आणि लिओ झिलार्डने मिळून एकही हलता भाग नसलेला फ्रिज आखला. हलणारं काही नाही, म्हणजे झिजणारं सील नाही, म्हणजे गळती नाही. १९३० मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. बाजारात तो कधी चालला नाही.

कारण त्याच वर्षी थॉमस मिजली नावाच्या रसायनतज्ज्ञाने भर सभेत एक नवा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटणारा नाही, बघा! तो फ्रीऑन. प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की हेच गॅस वर जाऊन ओझोन खातात. १९८७ मध्ये माँट्रिअलचा करार झाला. मग गॅस बदलत गेले. आज नव्या एसीत बहुतेक आर-३२ असतो, काहींत आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेन. आर-३२ थोडा पेट घेऊ शकतो, प्रोपेन चांगलाच. म्हणजे शंभर वर्षं फिरून आपण पुन्हा अशा जागी आलोय की डब्यातल्या गॅसचा मान ठेवावा लागतो. असा डबा डायरेक्ट केलेल्या वायरींवर चालवायचा? विचार करा.

हां, तर आमची गॅलरी. बाबांनी मेकॅनिकभाऊला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि दोघं पोलिसांसारखे चौकशीला बसले.

पहिला प्रश्न व्होल्टेजचा. गडचिरोलीकडे, आरमोरीच्या पुढे माझा मामा राहतो, लाइनच्या अगदी शेवटच्या टोकाला. त्याच्याकडे संध्याकाळी स्टॅबिलायझर १७० च्या खाली दाखवतो. व्होल्टेज कमी असलं तरी मोटरला काम तेवढंच करायचं असतं, मग ती करंट जास्त ओढते आणि तापते. मामाकडे टक् झालं की निम्म्या वेळा कारण हेच. आमच्याकडे मात्र २२५ होतं. ते कारण गेलं.

(स्टॅबिलायझर तीन मिनिटं थांबवतो त्याचा अनेकांना राग येतो. नका रागावू. एसी बंद झाल्यावर पाइपातल्या एका बाजूचा गॅस जास्त दाबाचा, दुसऱ्या बाजूचा कमी दाबाचा असतो. ते सारखे व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात चालू केला तर कॉम्प्रेसरला चढावर भरलेली बैलगाडी जागच्या जागी ओढायला लावल्यासारखं होतं.)

दुसरा प्रश्न कपॅसिटरचा. तो मेला असता तर कॉम्प्रेसर सुरूच झाला नसता. नुसता गुरगुरला असता आणि काही सेकंदांत टक्. आमचा पंधरा-वीस मिनिटं छान चालत होता. तेही गेलं. गॅस कमी? तसं असतं तर बऱ्याचदा आतल्या कॉइलवर किंवा बारीक पाइपवर बर्फ धरतो. बर्फ नव्हता.

मग बाबांनी आजीला विचारलं, "रात्री चालते का ओ?" आजी पडल्या पडल्या म्हणाली, "रात्री तं मले गोधडी लागते."

इथेच उत्तर होतं! रात्री चालतो, दुपारी पडतो. म्हणजे बाहेर टाकायची उष्णता बाहेर जात नाहीये.

एसी थंडी तयार करत नाही, हे लक्षात ठेवा. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. 'टन' हा शब्दही बर्फाच्या जमान्यातला आहे. एक टनाचा एसी म्हणजे २४ तासांत एक अमेरिकन टन, सुमारे ९०७ किलो, बर्फ वितळायला लागेल तेवढी उष्णता खेचणारा. १८३३ मध्ये फ्रेडरिक टुडरने बोस्टनहून कोलकात्याला जहाजाने बर्फ पाठवला होता, त्या व्यापाराची ही भाषा आपण आजही शोरूममध्ये बोलतो. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅटच्या आसपास. त्यात कॉम्प्रेसरची स्वतःची वीज धरली तर बाहेरच्या जाळीतून जवळपास सात किलोवॅट उष्णता फेकावी लागते. आणि कुठे? ४५ अंशांच्या हवेत. आपल्याकडे एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. आमच्या मे महिन्यात ३५ अंश पहाटे असतात.

बाबा उठले, बाहेरच्या युनिटपाशी गेले आणि माझ्याकडे वळून बघितलं. मी नजर खाली घातली. कारण एप्रिलमध्ये मीच त्या युनिटभोवती हिरवी जाळी गच्च बांधली होती. ऊन लागू नये म्हणून! यूट्यूबवर बघून. सावली झाली खरी, पण फेकलेली गरम हवा जाळीतच अडकून परत आत जात होती. जाळीमागे कंडेन्सरच्या पत्र्यांत काळ्या धुळीचा आणि कापसासारख्या तुसाचा थर.

'कंडेन्सर' म्हटल्यावर बाबांची गाडी केंद्राकडे वळली. १९८० च्या दशकात इथला पहिला संच लागला, आता केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. तिथेही कंडेन्सर असतोच. कोळशातल्या उष्णतेची साधारण एक तृतीयांश वीज होते, उरलेली बरीचशी पाण्यात टाकावी लागते. ते पाणी इरई धरणाचं. २०१० च्या उन्हाळ्यात धरण खाली गेलं आणि संच बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रं ठणठणीत होती, उष्णता टाकायला पाणी नव्हतं. "एवढा मोठा डोलारा," बाबा म्हणाले, "अन् अडला कुठं? तुह्या एसीवानीच."

मी आपलं पाप झाकायला विचारलं, ट्रिप नेहमी खरंच असतं का? चकती चुकत नाही? ते म्हणाले, चुकते ना. आणि त्यांनी २०१२ सांगितलं. ३० जुलैला पहाटे अडीचच्या सुमाराला बिना ते ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन रिलेने तोडली. लाइनवर प्रत्यक्ष दोष नव्हता. भार इतका वाढला होता की रिलेला तो दोषासारखा दिसला. उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा, आणि या वेळी पूर्व आणि ईशान्य भारतासकट, साठ कोटींवर लोक. दक्षिण भारत मात्र सुरू राहिला. तो तेव्हा बाकी देशाशी सरळ तारेने जोडलेला नव्हता, डीसी जोडण्यांनी होता, आणि त्यातली एक आमच्याच जिल्ह्यात, भद्रावतीला आहे. डीसी जोडणीतून वीज जाते, पण एका बाजूची थरथर दुसऱ्या बाजूला तशीच जात नाही.

"मग त्या रिलेचं काय केलं? काढून टाकले?" मी विचारलं.

"काढतात का कुठं? सेटिंग तपासतात." मग मेकॅनिकभाऊकडे बघून, "आपण पण तपासू. चकती खराब निघाली तर नवीन टाकू. पण आधी धुऊ."

मेन स्विच बंद केला. मी जाळी कापली. भाऊने हलक्या धारेने, पत्रे वाकणार नाहीत अशा बेताने, आतून बाहेर पाणी मारलं. खाली जे पाणी आलं ते कोळशाच्या खाणीतून आल्यासारखं होतं. तोवर आजीच्या खोलीत शेजारच्या काकूंचा कूलर आणून लावला, वाळ्याच्या ताट्यांचा. मे मध्ये कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. जूनमध्ये पाऊस आला की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, तो भाग वेगळा.

युनिट पूर्ण वाळल्यावर, साडेपाचला एसी लावला. भाऊने क्लॅम्प मीटर वायरीवर धरला, करंट आधीपेक्षा खाली. सहा वाजले, साडेसहा वाजले. टक् नाही. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी अडीचला होती. मी गॅलरीच्या दाराशी कान लावून बसलो होतो. तीन वाजून गेले तरी कॉम्प्रेसर चालूच.

भाऊने ओव्हरलोडचे पैसे घेतले नाहीत, कारण तो बदललाच नाही. सर्व्हिसिंगचे घेतले. जाताना मला म्हणाला, "दादा, जाळी परत बांधायची असन तं दोन हात दूर बांधजा."

तुमच्या घरी एसी कधी टक् झाला असेल आणि कारण सापडलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. मामाने आधीच एक पाठवली आहे, त्यात मागे स्टॅबिलायझर वाजतोय. भेटू पुढच्या भागात.