अंड्याचा दहा हजारावा भाग

चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे एवढ्याशा दाण्याने एखाद्या मुलाचा श्वास कोंडतो, हे प्रथम ऐकले तेव्हा मला खरे वाटेना. पुढे या दुखण्याच्या इतिहासाचा नादच लागला आणि मागे जाता जाता मी १९०८ सालच्या लंडनला पोहोचलो. तेही शेंगदाण्यापाशी नव्हे, तर अंड्यापाशी.

त्या वर्षी आल्फ्रेड स्कोफील्ड या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये १३ वर्षांच्या एका मुलाची हकिकत छापली. अंड्याचा लवलेश पोटात गेला, की त्याच्या अंगावर गांधी उठत, दमा उसळे. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्दच तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी तो १९०६ मध्ये घडवला होता. अशा वेळी कोणीही सांगेल, अंडे वर्ज्य करा. स्कोफील्डसाहेबांनी नेमकी उलटी वाट धरली. कच्च्या अंड्याचा दहा हजारावा भाग असलेली गोळी रोज द्यायची आणि मात्रा मुंगीच्या पावलांनी वाढवीत न्यायची. काही महिन्यांत पोरगा अंडे खाऊ लागला!

मग शेंगदाण्याला शंभर वर्षे का लागावीत? अहो, इथे जीवच पणाला लागतो. १९९२ साली अमेरिकेत शेंगदाण्याच्या अर्काची सुई टोचून पाहिली. गुण दिसू लागला होता. पण ज्याला तुलनेसाठी निरुपद्रवी द्रव टोचायचा, त्याला चुकून अर्कच टोचला गेला आणि तो दगावला. प्रयोग तिथेच थांबला.

सुई मागे पडली, तोंडाची वाट उरली. केंब्रिजच्या डॉक्टरांनी ७ ते १६ वर्षांच्या ९९ मुलांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेंगदाण्याच्या पिठातले २ मिलिग्रॅम प्रथिन, तिथून चढत चढत ८००. सहा महिन्यांनी, उपचार मिळालेल्यांपैकी ६२ टक्के मुलांनी सुमारे दहा दाण्यांइतके प्रथिन पचवले. उपचाराविना राहिलेल्यांत एकालाही ते जमले नाही. पुढे जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेने ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी असे औषध मान्य केले.

घरच्या खलबत्त्यात मात्र हा उद्योग कोणी करू नये. पहिली मात्रा आणि पुढची प्रत्येक वाढ डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत घ्यायची, कारण औषधच उलटू शकते. शिवाय मात्रा सुटली, की मिळवलेली सहनशक्ती ओसरू शकते. म्हणून हे मूल साधारण एका दाण्याएवढे औषध रोज नेमाने घेते, खिशात एपिनेफ्रिनची सुई बाळगते आणि चिवड्याचे ताट समोर आले, की नको म्हणते.