गोवा परदेश होता तेव्हा

वऱ्हाडला समुद्र नाही. आपली पूर्णा पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते, एवढाच आपला आणि समुद्राचा जुना संबंध. माणसाच्या आधी समुद्र पाहिला तो आपल्या कापसाने. १८६७ साली मुंबईची आगगाडी अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोहोचली आणि खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारातील गठाणी मुंबईच्या बंदरातून विलायतेस जाऊ लागल्या. कास्तकार मात्र गावीच राहिला. तो निघालाच तर पंढरपूर, माहूर, आणि फार झाले तर काशी-रामेश्वर. समुद्र दिसायचा तो रामेश्वरी, तोही स्नानापुरता. मौजेसाठी समुद्रावर जावे ही कल्पना आपल्या आजोबांच्या डोक्यात येण्याचे कारण नव्हते.

आज ती गोष्ट उरली नाही. परीक्षा संपण्याच्या आधीच कॉलेजातील पोरांचे बेत सुरू होतात. गोव्याला जायचे, की थोडे अधिक पैसे जमवून थायलंडात पटायाला? मग कागदावर आकडे पडतात. गाडीभाडे किती, चौघांत एक खोली घेतली तर डोईला काय येईल, भाड्याची दुचाकी दोघांत एक पुरेल की नाही, रात्रीचा खर्च वेगळा धरावा की वर्गणीतच. वर्गणीला ही मुले 'कॉन्ट्री' म्हणतात. असा कागद हाती लागला म्हणजे घरच्या वडीलमाणसांना राग येतो. मी पडलो इतिहास शिकविणारा. मला त्या कागदावरचे एकच कलम अडविते. घरापासून शेकडो मैलांवर जाऊन खाणेपिणे आणि रात्र जागविणे घरच्यापेक्षा स्वस्त पडते, हे कसे? ही स्वस्ताई आभाळातून पडलेली नाही. ती कोणीतरी, कधीतरी, काही कारणाने तयार केली आहे. ते कारण आज आपण पाहू.

आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मित्रांनी मिळून वर्गणी काढावी, दूर जावे, रात्र जागवावी, हा षौक आपल्याला परक्यांनी शिकविलेला नाही. चांदूरबाजार तालुक्यातील बहिरमची यात्रा आठवा. ऐन थंडीत महिनाभर आणि त्याहूनही अधिक चालणारी ही यात्रा. बैलगाड्या जोडून लोक जात, राहुट्या ठोकीत, मातीच्या हंडीत मटण शिजे, गोवऱ्यांवर रोडगे भाजले जात आणि रात्री तमाशाचे फड रंगत. गाडगेबाबांना तेथे जाऊन पशुहत्येविरुद्ध कीर्तने करावी लागली, यावरूनच तेथील गर्दीची कल्पना यावी. पुढे तमाशे बंद झाले. परंतु बहिरमला गेलेला माणूस आपल्याच जिल्ह्यात होता. कायदा तोच, नाणे तेच, भाषा तीच. गोव्याला जाणे ही निराळी गोष्ट होती, कारण गोवा परदेश होता.

पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली आणि सोडला १९६१ साली. म्हणजे साडेचारशे वर्षे आपल्या सावंतवाडीच्या पलीकडे युरोपातील एका राजाचे, आणि पुढे एका हुकूमशहाचे, राज्य होते. अकोल्याच्या माणसाला रेल्वेने जायचे तर भुसावळ, मनमाड, दौंड करीत पुणे गाठावे लागे. तेथे गाडी बदलून लहान रुळांच्या गाडीने मिरज, बेळगाव, लोंढा आणि घाटमाथ्यावरचे कॅसलरॉक. कॅसलरॉकला इकडच्या सरकारची जकात. मग गाडी दूधसागराच्या अंगावरून घाट उतरे आणि खाली कुळे स्टेशनावर पोर्तुगीज अधिकारी पुन्हा पेट्या उघडीत. एकाच प्रवासात दोनदा झडती. पुढे खर्चाला त्यांचा रुपया, आणि १९५९ पासून तर एस्कुदो नावाचे नाणे, एका रुपयाला सहा या दराने.

आता दारूचा मुद्दा. तो टाळून गोव्याचा इतिहास सांगता येत नाही. गोव्यात माडाची आणि काजूची फेणी घरोघर निघे. माडावर चढून सूर काढणाऱ्यास तिकडे रेंदेर म्हणतात. त्याचा धंदा लहान आणि त्यावरचा कर हलका. इंग्रजांच्या मुलुखात मात्र अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. शेजारी स्वस्त दारू आणि स्वस्त मीठ असले, की ते सीमेवरून आत झिरपणारच. म्हणून १८७८ साली इंग्रजांनी पोर्तुगालशी करार केला. १८८० पासून तो अमलात आला. दोन्ही बाजूंच्या जकाती एक झाल्या. गोव्यातील मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. दारूवर इंग्रजी मुलुखासारखी अबकारी बसली. मुरगावची रेल्वेही याच कराराचे फळ. रेल्वे आली हे चांगले झाले, पण मीठ पिकविणारा आगरी आणि माडावर चढणारा रेंदेर दोघेही बुडाले. करार १८९२ साली संपला आणि ज्याचे दर त्याने ठरवावे अशी स्थिती पुन्हा आली.

यात लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की गोव्याची दारू 'स्वस्त' होती ती सीमेपलीकडच्या माणसाच्या हिशेबाने. गोव्यातील माणसाला ती नुसती दारू होती.

यापुढचा अध्याय आपल्याच सरकारचा. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० पासून सर्व राज्य कोरडे झाले. नकाशा काढून पाहा. शिक्षकबंधूंनी तर वर्गातच काढावा. त्या वेळी रत्नागिरी, बेळगाव आणि कारवार हे तिन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते. म्हणजे गोव्याच्या जमिनीच्या सर्व बाजूंना दारूबंदीचा मुलूख आणि उरलेल्या बाजूस समुद्र! कोरड्या राज्याच्या मधोमध ओले बेट. गोवा म्हणजे दारू, हे समीकरण मराठी माणसाच्या डोक्यात पक्के बसण्यास या नकाशाचा फार हातभार लागला असे माझे मत आहे. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. तो मुंबई राज्यात आला १९५६ साली.

मधल्या काळात मित्रांच्या टोळ्या गोव्याला गेल्या त्या वेगळ्याच कामासाठी. १९५५ च्या १५ ऑगस्टला देशभरातून सत्याग्रही निःशस्त्र सीमा ओलांडून गेले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मेली. सागरच्या सहोदराबाई राय यांना गोळ्या लागल्या. सागर आणि अमरावती तेव्हा एकाच प्रांतात होते, म्हणून हे नाव आपल्याकडे विसरले जाऊ नये. त्याच वर्षी रेल्वे बंद पडली, भारताची पणजीतील कचेरी बंद झाली आणि गोव्याची नाकेबंदी झाली.

नाकेबंदीचा परिणाम मात्र उलटाच निघाला. इकडून माल जाईना, तेव्हा पोर्तुगीजांनी तो समुद्रावरून आणला. बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचे, दारू पोर्तुगालची. लोखंडाचा दगड परदेशी विकून हाती पैसा येत होता. आपल्याकडे घड्याळाला आणि फाउंटनपेनाला परवान्यांची अडचण असताना पणजीच्या दुकानांत विलायती माल मांडलेला असे. १९६१ च्या डिसेंबरात आपले सैन्य गोव्यात गेले आणि १९ तारखेला पोर्तुगीज राजवट संपली. त्यानंतर तिकडे गेलेल्या पुष्कळांच्या आठवणीत स्वातंत्र्याच्या आनंदाबरोबरच त्या दुकानांचेही वर्णन येते. माणसाचा स्वभावच तो.

सीमा गेली तरी करांची रेघ पुसली नाही. गोवा केंद्राच्या ताब्यात राहिला, महाराष्ट्राची दारूबंदी तिकडे गेली नाही. १९६७ च्या १६ जानेवारीला गोव्यात जनमतकौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचे, दोन पाने म्हणजे वेगळे राहायचे. दोन पाने ३४,०२१ मतांनी जिंकली. मुख्य प्रश्न भाषेचा आणि अस्मितेचा होता, परंतु महाराष्ट्रात गेलो तर दारूबंदी येईल ही भीतीही त्या प्रचारात होती. त्या वेळी आपले मुख्यमंत्री होते पुसदचे वसंतराव नाईक. त्यांच्याच कारकिर्दीत महाराष्ट्रातील दारूबंदी सैल होत गेली.

नेमक्या याच सुमारास हिप्पी आले. इस्तंबूल, तेहरान, काबूल करीत जमिनीच्या वाटेने ही गोरी पोरे हिंदुस्थानात उतरली आणि हिवाळ्यात कळंगुट, बागा, हणजुणेच्या किनाऱ्यावर राहू लागली. कोळ्याच्या किंवा रेंदेराच्या घरात एक खोली, मासळी-भात आणि पौर्णिमेच्या रात्री वाळूवर गाणेबजावणे. आजच्या स्वस्त सफरीचा सांचा येथे तयार झाला. खोली देणाऱ्या घराला रोख पैसा मिळाला, आणि त्यासाठी अंगणातला नंगानाच त्याने पाहून न पाहिल्यासारखा केला. १९८० नंतर जर्मनी आणि इंग्लंडमधून विमाने भरून प्रवासी येऊ लागले, तेव्हा हॉटेले उठली, विहिरींचे पाणी आणि किनाऱ्याची जमीन यांवरून भांडणे झाली. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली. २००१ साली 'दिल चाहता है' या चित्रपटात तीन मित्र मोटारीने गोव्याला गेले आणि शापोऱ्याच्या किल्ल्यावर बसले. तेव्हापासून मित्रांनी मिळून गोव्याला गेलेच पाहिजे, असा जणू संस्कारच झाला. सोळा संस्कारांत सतरावा! अलीकडच्या वर्षांत बडनेरा-अकोल्यावरून नागपूर-मडगाव अशी विशेष गाडीही सुटली. विहिरीत पोहायला शिकलेली आपली मुले समुद्रालाही विहीर समजतात, म्हणून येथे सांगून ठेवतो की पावसाळ्यात तो समुद्र पोहण्याचा नव्हे. बुडणाऱ्यांची संख्या पाहूनच गोवा सरकारने २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक ठेवले.

गोवा घरचा झाला, तेव्हा परदेश आणखी पुढे सरकला. १९५७ साली देशात परकीय चलनाची टंचाई पडली आणि नुसत्या मौजेसाठी परदेशी जाणे जवळजवळ बंदच झाले. पुढे कित्येक वर्षे बाहेर जाणाऱ्याच्या हातावर आठ डॉलर ठेवले जात. २००४ साली रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत पैसे नेण्याची मोकळीक दिली. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांना व्हिसावाचून येऊ दिले. आणि पोरांच्या कागदावर पटायाचे नाव आले.

पटायाची गोष्टही गोव्याच्याच जातीची आहे. ते मच्छीमारांचे गाव होते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने थायलंडात विमानतळ उभारले. त्यांतला उटपाओचा तळ पटायापासून जवळच. लढाईतून आठवडाभर सुटी मिळालेल्या सैनिकांना विसावा देण्यासाठी १९६७ साली दोन्ही सरकारांत करार झाला. थायलंडात वेश्याव्यवसायाला १९६० सालच्या कायद्याने बंदी आली. १९६६ साली करमणुकीच्या घरांना परवाने देणारा दुसरा कायदा आला, आणि पहिल्याने लावलेले दार दुसऱ्याने किलकिले केले. १९७६ पर्यंत सैनिक परत गेले. दुकाने उघडीच राहिली, गिऱ्हाईक तेवढे बदलले.

त्या दुकानांत राबणाऱ्या मुली कोठल्या? पुष्कळशा ईशान नावाच्या ईशान्य भागातल्या. तो मुलूख भाताचा, परंतु पावसावर अवलंबून, जमीन हलकी, अंगावर कर्ज. आपल्या भाषेत कोरडवाहू. एखाद्या वर्षी पाऊस गेला की घरातील मुलगी शहराकडे जाते आणि महिन्याला पैसे पाठविते. त्या पैशावर बापाचे घर शाकारले जाते. अकोल्याच्या कोरडवाहू कास्तकाराचा मुलगा चार मित्रांबरोबर जेथे मौज करावयास जातो, तेथे त्याच्यासमोर चहाचा पेला ठेवणारी कदाचित दुसऱ्या कोरडवाहू कास्तकाराची मुलगी असते. कागदावरच्या 'रात्रीचा खर्च' या कलमात हे दिसत नाही. मुलांना पटायाला जाऊ नका असे मी म्हणत नाही. ती ऐकणारही नाहीत. परंतु इतिहासाच्या तासाला हे त्यांना सांगावयास काही हरकत नाही.

गोव्याकडे पुन्हा वळतो, कारण तेथील हिशेब अजून चालू आहे. फेणी रोखण्यासाठी इंग्रजांनी १८७८ साली एवढा करार केला, त्याच फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रेंदेर मात्र कमी झाले आहेत. त्यांची मुले माडावर चढत नाहीत. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक नको हा नियम २००० सालापासून देशभर आहे. हणजुणे-वागातोरचे रहिवासी त्यासाठी अजून तक्रारी करतात, कारण सकाळी त्यांच्याही मुलांना शाळा असते.

आणि सीमा? सावंतवाडीजवळ बांद्याच्या अलीकडे इन्सुली नावाचे गाव आहे. गोव्याहून परतणारी मोटार तेथे आली की महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याचे लोक डिकी उघडावयास लावतात आणि आतल्या बाटल्या शोधतात. २०२५ साली महाराष्ट्राने विदेशी मद्यावरील शुल्क वाढविले, तेव्हा दोन्हीकडच्या दरांतील अंतर आणखी रुंदावले. कुळ्याची पोर्तुगीज चौकी उठून साठ वर्षे होऊन गेली. इन्सुलीला मात्र पेट्या अजून उघडल्या जातात, आणि आता दोन्ही बाजूंना सरकार आपलेच आहे.