खाली उघडणारे दार

१/ कॅम्पर ट्रेलरमधील बाकाखालच्या पेटीला समोरून दार करावे, की वरची फळीच उचलावी? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु फळी उचलायची तर बसलेल्या माणसाला उठवावे लागते, अंथरूण गुंडाळावे लागते. प्रवासात सामान किती मावते याइतकेच ते किती सहज हाती येते, हेही महत्त्वाचे. या अडचणीवरचे एक प्रसिद्ध उत्तर १८६६ साली टेक्सासमध्ये सापडले.

२/ अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. टेक्सासमध्ये गुरे उदंड होती. गिऱ्हाईक मात्र दूर होते. चार्ल्स गुडनाइट आणि ऑलिव्हर लव्हिंग यांनी आपला कळप न्यू मेक्सिकोतील फोर्ट सम्नरकडे हाकण्याचे ठरवले. वाट शेकडो मैलांची होती आणि गुराख्यांना रोज उघड्या माळावर जेवू घालायचे होते.

३/ गुडनाइटने लष्कराची एक जुनी, भक्कम घोडागाडी घेतली आणि तिच्या मागच्या टोकाला उभे लाकडी कपाट जडवले. गुराख्यांच्या बोलीत ‘चक’ म्हणजे अन्न. म्हणून कपाट ‘चक बॉक्स’ आणि गाडी ‘चकवॅगन’.

४/ खरी कल्पकता दारात होती. त्याच्या बिजागऱ्या खालच्या कडेला होत्या. दार खाली पाडून त्याला एक पाय टेकवला की त्याचाच ओटा होई. समोर खणांत आणि कप्प्यांत पीठ, कॉफी, मीठ, भांडी. पुढच्या भागातली अंथरुणे आणि पोती जागची हलत नसत. काम संपताच दार मिटे आणि गाडी कळपाच्या पुढे निघे.

५/ पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत टिअरड्रॉप ट्रेलर लोकप्रिय झाले. त्यांचे स्वयंपाकघरही मागेच असे, बाहेर उभे राहून वापरायचे. फक्त दार वर उचलले जाई.

६/ पण इथे थांबलो तर इतिहास अर्धाच राहील. फोर्ट सम्नरला एवढे मांस कोणासाठी हवे होते? तेथील बॉस्के रेडोंडो छावणीत सैन्याने हजारो नवाहो स्त्री-पुरुषांना आणि मुलांना डांबले होते. त्यांची शेते, फळबागा आणि मेंढ्यांचे कळप सैन्यानेच उद्ध्वस्त केले होते. आता त्यांच्या शिध्यासाठी सरकार गुरे विकत घेत होते.

७/ चकवॅगनचे कौतुक करताना ही बाजारपेठ विसरता येत नाही. १ जून १८६८ रोजी करार झाला आणि नवाहो लोक पायी आपल्या भूमीकडे परत निघाले.