बंड्या, कणीस आणि दोनशे वर्षांची ओकारी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवार संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस आणि घरात भाजलेल्या कणसांचा बेत. लिंबू, मीठ, तिखट. चौघांनी मिळून सहा-सात कणसं फस्त केली, दाणे संपलेले दांडे ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि पिक्चर बघत बसलो. मध्येच स्वयंपाकघरातून 'कडाड' असा आवाज आला. जाऊन बघतो तर डबा आडवा आणि आमचा बंड्या (वय तीन, जात अस्सल रस्त्यावरची, वजन १८ किलो) ओठ चाटत उभा. चेहऱ्यावर "मी कुठे काय केलं?" असा भाव.

पुढे जे झालं ते बहुतेक घरांत असंच होत असावं. बायको फोनवर शोधायला लागली, मी बंड्याच्या तोंडात बोटं घालून बघितली आणि आई म्हणाली, "अरे, मिठाचं पाणी पाज त्याला. ओकून टाकेल." पाजलं. पाचेक मिनिटांत बंड्याने सतरंजीवर ओकारी केली आणि तिच्यात कणसाच्या दांड्याचा बोटाएवढा तुकडा! टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी होत्या. आईने 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. पिक्चर पुढे चालू.

सोमवारी बंड्या जेवला नाही. मंगळवारी प्यायलेलं पाणीसुद्धा ओकायला लागला आणि पाठीची कमान करून कोपऱ्यात बसून राहिला. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती तुकडे गिळले होते?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मोजले कोणीच नव्हते.

शेवट काय झाला ते शेवटी सांगतो. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर बसून एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. 'ओकारी झाली म्हणजे सुटलो' हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलं कुठून? आमच्या धंद्यात बग सापडला की तो कोडमध्ये कधी आणि कोणी घातला हे उकरून काढायची खोड असते. तेच इथे केलं. आणि सापडलं ते असं.

आधी कुत्र्याची बाजू. कचरा खाणं हा त्याचा गुन्हा नाही, तो त्याचा पिढीजात व्यवसाय आहे. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकन दांपत्याने २००१ साली एक पुस्तक लिहून मांडलं की माणसाने लांडग्याची पिल्लं पकडून त्यांना माणसाळवलं, असं झालंच नसावं. माणसाच्या वस्तीबाहेरच्या उकिरड्यावर जे लांडगे कमी बुजरे होते ते टिकले, आणि त्यांचेच पुढे कुत्रे झाले. सगळ्यांना हे पटलेलं नाही, वाद चालू आहे. पण २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांना कुत्र्याच्या जनुकांत एक गंमत सापडली. पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. म्हणजे आपल्या उष्ट्या भाकरीवर जगता यावं म्हणून कुत्र्याचं शरीर आतून बदललं आहे. आता बोला!

उकिरड्यावर जगायचं तर वाईट माल बाहेर फेकायची सोयही हवी. ती कुत्र्याकडे झकास आहे. घोडा ओकू शकत नाही, उंदीरही ओकू शकत नाहीत. कुत्रा मात्र चुटकीसरशी ओकतो. लांडगे तर शिकार पोटात भरून आणतात आणि पिल्लांसमोर ओकून त्यांना भरवतात. ओकारी हा कुत्र्याचा 'अनडू' आहे, आणि उकिरडा जोवर हाडं, भाकरी आणि सडलेलं मांस एवढाच होता, तोवर तो बऱ्यापैकी चालला.

आता माणसाची बाजू. हा भाग वाचताना जरा जड जातं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं पॅरिस. फ्रान्स्वा माजांदी नावाच्या डॉक्टरला प्रश्न पडला की ओकताना जोर लावतं कोण, पोटातली पिशवी की बाहेरचे स्नायू? त्याने १८१३ साली एका कुत्र्याचं जठर काढून त्याजागी डुकराचं मूत्राशय बसवलं आणि शिरेतून ओकारीचं औषध दिलं. कुत्रा ओकला. म्हणजे जठर नसतानाही ओकारी होते, काम पोटाच्या स्नायूंचं आणि श्वासपटलाचं. प्रश्न सुटला. भूल देण्यासाठी ईथर यायला अजून तेहतीस वर्षं होती, हे लक्षात घ्या.

त्याच शहरात माथ्यू ऑर्फिला विषांचा अभ्यास करत होता. त्याला विषशास्त्राचा जनक म्हणतात. १८१४ साली त्याचा मोठा ग्रंथ यायला सुरुवात झाली. त्याची अडचण अशी की कुत्र्याला विष दिलं की तो ओकून मोकळा व्हायचा, मग विषाचा परिणाम बघणार कसा? यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे विष पोटात गेल्यावर कुत्र्याची अन्ननलिका दोऱ्याने बांधून टाकायची. जे एक संरक्षण त्याला निसर्गाने दिलं होतं तेच बंद. असे कितीतरी कुत्रे. पुढे खुद्द डॉक्टरांनीच आक्षेप घेतला की अन्ननलिका बांधल्यामुळे होणारा त्रास कुठला आणि विषाचा कुठला, हे कळणार कसं? पण कुठलं विष पोटात काय करतं, हे माणसाला पहिल्यांदा नीट कळलं ते अशा कुत्र्यांकडून.

म्हणजे आधी आपण ओकारी समजून घेतली आणि मग बांधून ठेवली. पुढची पायरी ती हुकमी काढण्याची. १८६९ साली लंडनमध्ये मॅथिसन आणि राइट या दोघांनी मॉर्फिनला आम्लात तापवून एक नवा पदार्थ तयार केला, अपोमॉर्फिन. नावात मॉर्फिन आहे, पण गुण भलताच. सुईने अगदी थोडं दिलं की काही मिनिटांत ओकारी. माणसांसाठी हा वापर मागे पडला, पण कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे अपोमॉर्फिन दीडशे वर्षांनंतरही वापरात आहे. अमेरिकेत २०२० साली कुत्र्यांना ओकारी आणण्यासाठी डोळ्यांत घालायच्या थेंबांनाही मंजुरी मिळाली. डोळ्यांत थेंब, पोटातून ओकारी. कमाल आहे.

याच काळात दुसरा एक रस्ता निघाला, कोळशाचा. १८३१च्या सुमारास तुएरी नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्याने प्राणघातक मात्रेच्या कितीतरी पट स्ट्रिक्नीन कोळशाच्या भुकटीत मिसळून भर विद्वत्सभेत गिळलं, आणि जिवंत राहिला! स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्याकडच्या कुचल्याच्या बियांतलं विष, ज्याने आपल्या गावोगावच्या नगरपालिकांनी एके काळी रस्त्यावरचे कुत्रे मारले. कोळसा विष शोषून घेतो, म्हणून आजही काही विषबाधांवर डॉक्टर तो देतात. पण अडकलेल्या कणसाला कोळशाचा काय उपयोग?

आणि इथेच आमची चूक कळते. ओकारीच्या या सगळ्या इतिहासाचा विषय आहे 'विष'. कसलंसं विष पोटात गेलं तर बाहेर काढा, एवढाच भाग घरोघरी झिरपला आणि मिठाचं पाणी हा त्याचा गरिबांसाठीचा अवतार झाला. दवाखाना कोसांवर आणि टेलिफोन नाही अशा काळात तो शहाणपणाही असेल. पण वैद्यकाने पुढे स्वतःलाच तपासलं. मिठाच्या पाण्याने ओकारी झाली नाही तर ते मीठ रक्तात जाऊन मेंदूवर परिणाम करतं, यात माणसं गेली आहेत आणि कुत्रेही. अमेरिकेत लहान मुलांसाठी घरात ओकारीचं औषध ठेवायचा रिवाज होता. २००३ साली तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगितलं की ठेवू नका, असेल तर टाकून द्या. आमची आई मागे पडली ती फक्त एका आवृत्तीने.

कुत्रा तोच आहे, ओकारीही तीच. बदलला तो आपला डबा. जुन्या उकिरड्यात बटन सेल नव्हते, सुया नव्हत्या, प्लॅस्टिक नव्हतं, रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं नव्हती. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन १८४१ साली सापडलं, माणसाला ते सोसतं, कुत्र्याला नाही. द्राक्षं आणि बेदाणे (नाशिकची असोत नाहीतर सांगलीचे) कुत्र्याच्या किडनीला घातक ठरू शकतात, हे पशुवैद्यकांच्या लक्षात यायला २००० साल उजाडलं. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली आणतं.

आणि कणीस? त्याचीही गंमत आहे. मक्याचा रानटी पूर्वज मेक्सिकोतलं टिओसिंटे नावाचं गवत. त्याला मोजके दाणे, कठीण कवचातले, पिकले की आपोआप सुटे होऊन पडणारे. जाड दांड्याला घट्ट चिकटलेलं कणीस निसर्गात नव्हतंच, ते गेल्या सुमारे नऊ हजार वर्षांत माणसाने निवडून निवडून घडवलं. दाण्यातलं पीठ पचवायला कुत्रा शिकला. दांडा मात्र त्याच्या पोटात विरघळत नाही, आणि तुटतो नेमका आतड्यात अडकेल अशा मापाने.

बंड्याचं तेच झालं होतं. एक तुकडा बाहेर आला, आम्ही खूश झालो, आणि दुसरा तोवर पुढे सरकला होता. ओकारीने येतं ते जठरातलं, आणि तेही साधारण पहिल्या दोन तासांतच. एक्स-रेमध्ये दांडा धड दिसेना (धातू किंवा हाड दिसतं तसा तो दिसत नाही), सोनोग्राफीत दिसला. रात्री साडेदहाला पोट उघडलं. आतडं कापून तुकडा काढला आणि परत शिवलं.

आतडं शिवण्याबद्दलही वाचलं. ते गळू नये म्हणून कडा आत वळवून बाहेरचा पापुद्रा बाहेरच्या पापुद्र्याला भिडवायचा, हा नियम लॉंबेर नावाच्या फ्रेंच सर्जनने १८२६ साली मांडला. त्याआधी १८१२ साली लंडनमध्ये ट्रॅव्हर्सने जखमी आतडं कसं भरून येतं याचे प्रयोग केले होते. कोणावर? अर्थात कुत्र्यांवर. माणसांची कितीतरी ऑपरेशनं त्यावर उभी आहेत. बंड्याच्या पोटात त्या रात्री पडलेल्या टाक्यांमागेही कोणातरी अनाम पूर्वजाने भोगलेलं होतं, एवढं नक्की. ती उधारी माणसांनी कुत्र्यांना थोडीफार तरी परत केली, असं म्हणून मी मनाचं समाधान करून घेतलं.

तर मग करायचं काय? डॉक्टरबाईंनी मला सुनावलं, ते त्यांच्याच क्रमाने देतो.

१. उरलेला कचरा कुत्र्यापासून दूर करा आणि तुकडे जुळवून बघा. काय, किती आणि केव्हा खाल्लं? पाकीट असेल तर बरोबर घ्या.
२. लगेच फोन करा. त्रास दिसायची वाट बघू नका. वजन सांगा.
३. मीठ, पेरॉक्साइड, तेल, दूध, काहीही पाजू नका. घशात बोटं घालू नका. ओकारी काढायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. टोकदार वस्तू, सेल, ॲसिड, फिनेल, रॉकेल यांत ओकारी उलट जास्त नुकसान करते. येतानाही भाजतं, फाडतं, फुप्फुसात जातं. गुंगीत असलेल्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्यालाही तोच धोका.
४. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर ओढू नका. आतडं चिरतं.
५. डॉक्टरांनी 'घरी लक्ष ठेवा' म्हटलं तर खरंच लक्ष ठेवा. सारखी ओकारी, जेवण बंद, शी बंद, पाठीची कमान, मलूलपणा, यातलं काहीही दिसलं की निघायचं. अडकलेली वस्तू दोन-चार दिवसांनीही त्रास देते.

आम्ही पहिल्या मुद्द्यावरच नापास झालो होतो. शनिवारी रात्री तुकडे जुळवले असते तर एक कमी आहे हे पाच मिनिटांत कळलं असतं.

बंड्या वाचला. डॉक्टर म्हणाल्या, अजून एक दिवस गेला असता तर आतडं सडून फुटलं असतं. दहा दिवस गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घालून तो घरभर दारांना धडकत फिरला. बिल बघून मलाच ओकारी येते की काय असं वाटलं, पण असो. आईने दोन दिवस कोणाशी धड बोलणं केलं नाही. मग एके सकाळी बघतो तर ती बंड्याला चमच्याने पेज भरवत होती आणि पुटपुटत होती, "मला काय माहीत रे बाळा."

कोणालाच माहीत नव्हतं, आई. माहीत व्हायला दोनशे वर्षं लागली.

आता आमचा कचऱ्याचा डबा कपाटात असतो आणि कपाटाला लहान मुलांसाठी मिळते ती कडी आहे. बंड्या रोज एकदा तिथे जाऊन वास घेतो. पंधरा हजार वर्षांची सवय, इतक्यात थोडीच जाणार!